तळ्यातल्या ऑक्सिजनच्या वनस्पती: या चुका टाळा

इंदूरमध्ये हल्ली अंगणात, गच्चीवर, जुन्या सिमेंटच्या हौदातसुद्धा छोटं तळं करायची हौस वाढली आहे. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण तळं झालं की महिन्याभरात फोन येतो, आणि दर वेळी गाऱ्हाणं तेच असतं: पाणी हिरवं झालं, मासे मेले, वनस्पती सडली. पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती, म्हणजे हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट, कॅबोम्बा, या खरं तर सांभाळायला सोप्या. त्या बिघडतात आपल्या घाईमुळे.

जास्त वनस्पती म्हणजे जास्त ऑक्सिजन, हा समज

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. वनस्पती ऑक्सिजन सोडते ती उजेड असेपर्यंत. अंधार पडला की तीही माशांसारखीच पाण्यातला ऑक्सिजन घेऊ लागते. तळाच्या गाळातले जीवाणू तर दिवसरात्र घेतच असतात. म्हणून ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे, उजाडायच्या जरा आधी. त्यात पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्याकडे त्याहूनही थोडा कमी.

सुदामानगरातल्या ओळखीच्या एका काकांचा श्रावणात पहाटे फोन आला. "ताई, सगळे मासे वर येऊन तोंडं उघडतायत हो, काय करू?" आठवडाभर झड लागलेली, ऊन असं पडलंच नव्हतं. मी गेले तेव्हा तळ्यात हायड्रिला इतकी ठासलेली होती की हात मनगटाच्या खाली जाईना. वरून लिलीच्या पानांचं छप्पर, आणि त्याच्याखाली भरमसाट गोल्डफिश. ढगाळ दिवसांत वनस्पतीने दिवसा पुरेसा ऑक्सिजन केलाच नव्हता, रात्री मात्र आपला वाटा घेतला होता. आम्ही दोघांनी बादलीने पाणी उपसून उंचावरून परत ओतायला सुरुवात केली. तेवढ्यात त्यांच्या मुलाने फिश टँकचा एअर पंप आणून लावला. तोवर मोठे मासे गेले होते, लहान वाचले. ऑक्सिजन कमी पडल्याची ही ठळक खूण आहे, आधी मोठे जातात. काका हळहळत म्हणाले, "पण आणताना मला तर सांगितलं होतं, अजून चार जुड्या टाका, काही होत नाही."

होतं. चांगल्या हवेत हायड्रिला दिवसाला इंचभरसुद्धा वाढते. चार जुड्या पावसाळा संपेपर्यंत चारच राहत नाहीत.

माझी सवय अशी: पाण्याखालची साधारण एक तृतीयांश जागा वनस्पतीला, बाकी मोकळी. वरची पानं अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग झाकायला लागली की ती कापायची. पावसाळ्यात दर पंधरवड्याला विरळणी, पण एका वेळी सगळी वनस्पती उपटायची नाही. तसं केलं की पाण्यातलं पोषण खायला कोणी उरत नाही आणि शेवाळाला रान मोकळं मिळतं. आणि लागोपाठ ढगाळ दिवस असले की रात्री पंप चालू ठेवायचा. विजेचं बिल वाढतं म्हणून रात्री पंप बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. बंद करायचाच असेल तर दुपारी करा.

हिरव्या पाण्यावर मोरचूद

नव्या तळ्याचं पाणी पहिल्या काही आठवड्यांत हिरवं होतंच. वनस्पती अजून रुजलेली नसते, पोषण मोकळं असतं, शेवाळ ते पटकन उचलतं. वनस्पतीने जोर धरला की तेच पाणी बहुतेक वेळा आपोआप निवळतं. पण इतका धीर कोणाला? शेतीच्या दुकानातून मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणून चमचाभर टाकायचं, ही युक्ती एकमेकांना सांगत फिरली आहे. ती ऐकली की माझा संताप होतो. मोरचुदातलं तांबं शेवाळाला मारतं तसं हायड्रिला-हॉर्नवर्टलाही मारतं आणि गोगलगाईंना, माशांनाही बाधतं. शिवाय एकदम मेलेलं शेवाळ तळाशी कुजतं आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खातं. दोन दिवस पाणी काचेसारखं दिसतं, मग वास सुटतो.

पाणी हिरवं असेल तर माशांचं खाणं निम्मं करा, तळ्यावर दुपारच्या उन्हात हिरवी जाळी ताणा, हॉर्नवर्टच्या दोन-तीन जुड्या सोडा आणि वाट पाहा.

कुंडीत शेणखत

झाडाला खत लागतं, हे बागेत खरं. पाण्याखालच्या वनस्पती बरंचसं पोषण पानांतूनच, पाण्यातून घेतात. शेणखत किंवा गांडूळखत घातलं की ते पाण्यात विरघळतं आणि पोसलं जातं शेवाळ. आपली माळव्याची काळी मातीही नुसती घालू नका, ती गढूळ होते आणि माशांनी जरा उकरली की पाणी दिवसभर बसत नाही. मी धुतलेली जाड वाळू वापरते, खाली थोडी जुनी, खत न घातलेली माती आणि वर बोटभर बारीक खडी.

लावताना व्हॅलिसनेरियाचा गड्डा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो पांढुरका भाग, वाळूच्या वर राहिला पाहिजे. तो पुरला की कुजतो. हॉर्नवर्टला तर मुळंच नसतात, त्याला मातीत कोंबू नका. दोऱ्याने खड्याला बांधा किंवा तरंगू द्या. जुडीला आलेलं रबर आधी काढा, त्याखालची देठं काळी पडून सडतात.

न तपासता थेट पाण्यात

नवी जुडी आणली की मी पांढऱ्या टबात पाणी घेऊन ती त्यात हलवते. टब पांढराच हवा, म्हणजे बुडाशी काय पडलं ते दिसतं. सहा पायांची मातकट अळी रांगताना दिसली तर ते चतुराचं पिल्लू. बागेत चतुर हवाच, पण हे पिल्लू माशांची पोरं खातं. पानाखाली पारदर्शक लाळेसारखा ठिपका म्हणजे गोगलगाईची अंडी. मग फिक्या गुलाबी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून नीट धुवायची. अंडी त्याने मरतीलच असं नाही, ती नखाने खरवडायची.

नळाचं पाणी थेट सोडू नका. एक दिवसाआड नर्मदेचं पाणी आलं की एक पिंप भरून उघडं ठेवा, चोवीस तासांत बराचसा क्लोरीन उडून जातो.

कोई, म्हणजे कार्प जातीचे मोठे शोभेचे मासे, ठेवायचे असतील तर नाजूक वनस्पतीचा नाद सोडा; ते ती उपटतात आणि खातात.

तळं घासून लख्ख करणं

इंदूरचा स्वच्छतेत पहिला नंबर आला तो २०१७ साली, आणि तो टिकवायची सवय आपल्या हाडीमाशी भिनली आहे. पण तळ्याच्या कडांवरचा बुळबुळीत थर ही घाण नाही. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जीवाणू त्यातच राहतात. दर महिन्याला सगळं पाणी काढून ब्रशने घासणारे लोक दर महिन्याला नव्याने हिरव्या पाण्याशी झगडत असतात. एका वेळी पाव भाग पाणी बदला, पडलेली पानं जाळीने काढा, भिंतींना हात लावू नका.

काढलेली वनस्पती तलावात टाकणं

विरळणी केलेली जुडी फिरायला जाताना सिरपूर तलावात नेऊन सोडणारे सज्जन लोक मला माहीत आहेत. मरू कशाला द्यायची, हा त्यांचा भाव चांगला आहे, पण परिणाम वाईट होतो. सिरपूर आणि यशवंत सागर, हे इंदूरचे दोन्ही तलाव २०२२ पासून रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, आहेत. हायड्रिला निदान आपल्याकडचीच; कॅबोम्बा अमेरिका खंडातून आलेली आहे, आणि तिच्या तुटलेल्या तुकड्यातूनही नवं रोप होतं. नाल्यात टाकणं म्हणजे तेच. काढलेली वनस्पती गच्चीवर उन्हात पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, मग कंपोस्टच्या डब्यात टाका. पावसाळ्यात ऊन नसेल तर बंद काळ्या पिशवीत घालून ठेवा, कुजली की खतात मिसळा.