तशीच एक गोधडी

"भाऊ, तशीच एक आमकां जाय मरे."

बाणस्तारीच्या गुरुवारच्या बाजारात, हातात सुंगटांची पिशवी असताना एका जुन्या सोबत्यानं हे म्हटलं, म्हणजे मी शिवतो तशी गोधडी त्यालाही हवी होती, आणि मी "करू या" म्हणून मोकळा झालो. पुढचा गुरुवार येईपर्यंत विसरूनही गेलो. महिन्याभरानं तो बायकोला घेऊन दारात उभा. गोधडी न्यायला! चूक माझीच होती. त्या दिवसापासून बाजारात, देवळात, लग्नाच्या मांडवात कुणाला हो म्हणत नाही. "घरी ये, वहीत लिहू," एवढंच सांगतो. निम्मे लोक घरी येतच नाहीत, त्यामुळे निम्मं काम तिथंच हलकं होतं.

मी गोव्यातल्या माशेलचा. तीस वर्षं कदंबच्या सरकारी बसवर कंडक्टर होतो. निवृत्त झाल्यावर आईची सुई हातात घेतली, ती लेकीच्या पहिल्या बाळासाठी. त्या गोधडीचा फोटो लेकीनं मैत्रिणींना दाखवला आणि तिथून 'तशीच एक' सुरू झालं. २०१६ पासून आजवर या एकाच नमुन्याच्या ४१ गोधड्या झाल्या. "कंटाळा येत नाही का?" असं लोक विचारतात. पणजीची तीच फेरी रोज करणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारू नये.

आमच्या घरात या नमुन्याला नऊघरी म्हणतात. नऊ छोटे चौकोन जोडून एक मोठी चौकट करायची. पाच गडद, चार फिकट. कोपऱ्यांत आणि मध्ये गडद. अशा दहा चौकटी आणि त्यांच्या मध्ये मध्ये दहा कोरे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे. आडवे चार, उभे पाच. छोटा चौकोन साडेतीन इंचांचा कापायचा. चारही बाजूंनी पाव इंच माया (शिवणीसाठी सोडलेली कड) शिवणीत गेली की तीन इंच उरतो, तीन तुकड्यांची चौकट नऊ इंचांची होते. कोरा चौकोन साडेनऊ इंचांचा कापला की तोही नऊचा उरतो. म्हणजे अख्खी गोधडी ३६ बाय ४५ इंच. गडद तुकडे ५०, फिकट ४०, कोरे १०. हे आकडे भिंतीवर लिहून ठेवलेत. एकच नमुना करण्याचा खरा फायदा हाच की हिशेब एकदाच करावा लागतो.

आता साच्याविषयी, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ इथं वाया गेला. पहिल्या तीन गोधड्यांचे तुकडे बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावरून आखले. पुठ्ठ्याचे कोपरे झिजतात हे तेव्हा ध्यानात आलं नाही. शिवाय खडू बोथट झाला की रेघ जाड होते आणि आपण कधी रेघेच्या आतून कापतो, कधी बाहेरून. एका तुकड्यात एक मिलिमीटर वाढला तर काय मोठंसं, असं वाटतं. पण तीन तुकड्यांच्या चौकटीत तो तीन मिलिमीटर होतो आणि शेजारचा कोरा चौकोन तर बरोबर मापाचा असतो. दोन्ही जोडताना एक बाजू फुगते. मग ओढूनताणून शिवायचं, आणि धुतल्यावर तिथंच चुणी पडते. तिसरी गोधडी अजून आमच्याच घरात आहे. ती कुणाला द्यायच्या लायकीची नव्हती.

त्यानंतर साचा एक्स-रेच्या फिल्मचा केला. माझ्याच गुडघ्याचा एक्स-रे. ती फिल्म झिजत नाही, कात्रीनं सरळ कापली जाते आणि आरपार दिसत असल्यामुळे कापडावरची बुट्टी चौकोनाच्या मधोमध येते की नाही तेही कळतं. साच्याच्या आत पाव इंचावर सुईनं भोकं पाडून ठेवा म्हणजे शिवणीची रेघ कुठं येणार ते दिसेल. साचा ठेवताना त्याची कड कापडाच्या उभ्या धाग्याला लावायची. उरेब, म्हणजे तिरपा, कापलेला चौकोन हातात ताणला जातो आणि पुन्हा चौकोन होत नाही.

कापड म्हणाल तर जुनं, सुती, धुवट. नऊवारी लुगडं मिळालं तर उत्तम. कागदावर हिशेब केला तर एका लुगड्यात अशा दोन गोधड्या बसतात. प्रत्यक्षात एकच बसते, कारण बसून बसून लुगड्याचा मधला भाग विरलेला असतो. तो उजेडासमोर धरून बघायचा. जिथून बोटं दिसतात तो भाग आतल्या थरातही घालायचा नाही. सुती आहे की नाही याची शंका आली तर दोन धागे काढून जाळा. सूत कागदासारखं जळून राख होतं, नायलॉन-पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. मण्याचं कापड परत करायचं, मग ते आणणारी सख्खी मावशी का असेना. आणि रंग जातो का ते बघितल्याशिवाय कात्री लावू नका. पांढरी चिंधी ओली करून कापडावर जोरात घासायची, खास करून लाल काठावर. चौथ्या गोधडीत मी हे केलं नाही. पहिल्याच धुण्यात लाल खणाचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरला आणि बाळाच्या आजीनं मला फोनवर सुनावलं.

थर तीन: वरचा नमुना, मध्ये जुन्या लुगड्याचं कापड, खाली अस्तर. खालचे दोन थर चारही बाजूंनी दोन दोन इंच मोठे घ्यायचे. जमिनीवर अंथरून, हातानं सुरकुत्या बाहेर काढत, वीतभर अंतरानं कच्चे टाके घालायचे. मग धावदोरा. तो मधून सुरू करून कडेकडे न्यायचा म्हणजे कापडाचा झोळ बाहेर सरकतो. घाट चढून कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडे गेलं की तिथल्या सिद्दी बायका बरोबर उलट करतात. त्या कडेपासून सुरू करतात आणि गोल गोल आत येतात, कारण त्या ठिगळं आधी जोडून घेत नाहीत, थरांवर ठेवत ठेवतच शिवतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणींचे पूर्वज पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गोव्यात आणले गेले होते. त्या गोधडीला त्या कवंदी म्हणतात आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं लावतात. मी एकदा त्यांची पद्धत नऊघरीवर करून पाहिली. मध्ये पोचेपर्यंत ताटाएवढा फुगवटा जमला. सगळं उसवलं.

धावदोऱ्याच्या ओळी एकेक इंचावर. म्हणजे ४५ इंचांच्या पस्तीस ओळी, साधारण चाळीस मीटर दोरा. प्रत्येक ओळीला दीड वार दोरा घ्या म्हणजे मध्ये गाठ येत नाही. दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढला की गुंता कमी होतो. मधल्या बोटात अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी) घाला, शहाणपणा करू नका. शेवटी कडेला दोन इंची पट्टीचा गोट. चारही बाजू मिळून १६२ इंच भरतात, पट्टी १८० इंचांची करावी. टाक्यांनी कापड आवळतं, त्यामुळे तयार गोधडी सांगितलेल्या मापापेक्षा इंचभर लहान भरते. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी टेप घेऊन येतंच.

आता माणसं.

वहीत एका पानावर एक गोधडी. वर नंबर, खाली नाव, कापड कुणाचं, तारीख कुठली, पैसे किती. कंडक्टरचं वेबिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद) भरायची सवय होती म्हणून हे जमलं असेल. नंबराप्रमाणे काम करायचं आणि वही कुणालाही दाखवायची. "तुझ्या आधी चौघे आहेत," हे तोंडानं सांगितलं तर माणूस हट्ट धरतो, पानं उलटून दाखवली की गप्प बसतो. एका वेळी पाचच नावं घेतो. सहावा आला की बस फुल्ल.

तारखेचं म्हणाल तर गोव्यात जून ते सप्टेंबर हे महिने हिशेबात धरूच नका. कापड वाळत नाही, आणि दमट कापडाचे थर शिवून बंद केले की आतून बुरशी धरते. धुणं, कापणं सगळं गणपतीच्या चवथीनंतर, ऑक्टोबर ते मे. पावसात मी फक्त आधी कापून डब्यात ठेवलेले तुकडे जोडतो. एक बाई आषाढात, चिखलकाल्याच्या (आमच्या माशेलचा चिखलात खेळायचा सण) दुसऱ्याच दिवशी, ओलसर लुगडं घेऊन आली आणि चवथीला गोधडी हवी म्हणाली. मी तिला लुगडं परत नेऊन ऑक्टोबरात यायला सांगितलं. ती रागावली. ऑक्टोबरात आली.

पैशांचं बोलायला मला दोन वर्षं लागली. आधी 'खुशीनं काय ते द्या' म्हणायचो. खुशीनं लोक नारळ देतात. मग एकदा घड्याळ लावून बसलो. कापणं दोन तास, जोडणं पाच, थर घालणं एक, धावदोरा आठ, गोट दोन. अठरा तास. तासाला शंभर धरले तर १८०० रुपये, कापड तुमचं. हा हिशेब पानावर मांडलेला असतो, त्यामुळे घासाघीस होत नाही. ज्याला जास्त वाटतं तो चहा पिऊन जातो, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. सख्ख्या नात्यात पहिल्या बाळाला एक गोधडी फुकट, दुसऱ्या बाळाला पहिल्याचीच वापरा.

"तशीच, पण थोडी मोठी." या वाक्याला सगळ्यात जास्त घाबरायचं. मोठ्या माणसाच्या अंथरुणाला आडवे सात आणि उभे दहा चौकोन लागतात, ६३ बाय ९० इंच. म्हणजे वीसच्या जागी सत्तर चौकोन, साडेतीन पट काम. धावदोराच जवळजवळ १४२ मीटर. ६३०० रुपये म्हटलं की लोक म्हणतात, लांबी-रुंदी तर दुप्पटच होतेय! तेव्हा मी पटाचे चौकोन काढून त्यांनाच मोजायला लावतो.

एका पर्यटकांच्या दुकानाला तीस हव्या होत्या, सगळ्या हुबेहूब, कापड त्यांचं. कापड आलं ते नवंकोरं, आणि जाळून पाहिलं तर मणी. 'जुनं दिसेल असं धुऊन द्या' असंही सांगितलं. मी गठ्ठा तसाच परत पाठवला.

आईची लुगडी घेऊन जे येतात त्यांच्याशी मात्र घाई करू नका. वर्षश्राद्ध झालेलं असतं, कपाट रिकामं करायचं असतं. "तशीच करा," म्हणतात, पण लुगडं पिशवीतून बाहेर काढत नाहीत. एक बहीण-भाऊ आले होते. निळं लुगडं, पदराला हळदीचा डाग. बहीण म्हणाली, डाग काढून टाका. भाऊ म्हणाला, नको. मी कात्री बाजूला ठेवली, तुकडे कसे पडतील ते लुगड्यावरच खडूनं आखलं आणि दोघांना तसंच बघत बसू दिलं. अर्ध्या तासानं बहीणच म्हणाली, डागाचा चौकोन मध्ये घ्या. अशा वेळी पहिली कात्री त्यांच्या हातानं मारून घ्यायची. नंतर "कापायला नको होतं" असं कुणी म्हणत नाही. उरलेली चिंधीसुद्धा विचारूनच ठेवून घ्यायची.

हुबेहूब तशीच होणार नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. नमुना तोच, लुगडं वेगळं. शिवायला बसण्याआधी सगळे तुकडे जमिनीवर मांडून त्यांना बोलावतो. बदल काय तो तेव्हाच. धावदोरा सुरू झाल्यावर नाही. आणि अस्तराच्या एका कोपऱ्यात, आतल्या बाजूला, माझ्या जुन्या गणवेशाच्या शर्टाचा बोटभर तुकडा आणि दोऱ्यानं नंबर घालतो. एकानं हरकत घेतली, तेव्हा त्याचा काढून दिला. नमुना कुणी मागितला तर साचा आखून देतो. नऊ चौकोन काही माझ्या बापजाद्यांचे नाहीत.

प्रत्येक गोधडीचे उरलेले आठ-दहा तुकडे पाकिटात घालून वर नंबर लिहितो. परवा नऊ नंबरची गोधडी परत आली. ते बाळ आता तिसरीत आहे आणि कुत्र्यानं एक कोपरा ओढलाय. पाकीट काढलं, त्याच लुगड्याचे दोन तुकडे लावले, गोट बदलला. डागडुजीचे मी पैसे घेत नाही. नऊ नंबरच्या पाकिटात अजून सात तुकडे आहेत, असं मी त्या पोराला सांगून ठेवलंय.