मुलांचा फोन काढून घ्यायच्या आधी हे करून बघा

फोन काढून घेतला की दोन दिवस घर शांत राहतं, मग आजीचा फोन असतो, मित्राचा असतो, आणि आता मूल तुमच्यापासून लपवून बघायला लागलेलं असतं. म्हणून आधी इन्स्टाग्रामसारखं ॲप मुलाला धरून कसं ठेवतं ते आपण समजून घेऊया.

एका संध्याकाळी मुलाशेजारी बसा आणि त्याच्याच फोनवर त्याच्यासोबत रील्स बघा. तपासणी करायला आलोय असं वाटू देऊ नका, नाहीतर तो काहीच दाखवणार नाही. हा कोण आहे, तुला हेच का दिसलं असेल, ही क्रीम विकायचे हिला पैसे मिळत असतील का, असं गप्पांच्या ओघात विचारा. मग तुमचा फोन काढून शेजारी ठेवा. ॲप एकच पण दोघांना दिसतंय पूर्ण वेगळं, कारण आपण कुठल्या रीलवर किती वेळ थांबलो, काय परत बघितलं, कुणाला पाठवलं यावरून पुढची रील ठरते. हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की त्याला भाषण द्यावं लागत नाही. पूर्वी पान संपायचं आणि तिथे माणूस थांबायचा, ती थांबायची जागाच आता काढून टाकलीय. ही न संपणारी स्क्रोलिंग २००६ मध्ये बनवणाऱ्या एझा रास्किनने स्वतःच पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केली. स्नॅपचॅटची स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस दोघांनी एकमेकांना फोटो-व्हिडिओ (स्नॅप) पाठवले त्याची मोजणी, पण समजून घ्या, दोघांनी रोज एकमेकांना स्नॅप पाठवला नाही तर ती तुटते. जेवताना मुलगी फोनसाठी अस्वस्थ होते तेव्हा तिला मैत्रीण नाराज होईल याची भीती असू शकते, त्यामुळे ओरडण्याआधी काय झालं ते विचारा.

आता सेटिंग. इन्स्टाग्रामला किमान वय १३ आहे. बरेच पालक स्वतःच खोटी जन्मतारीख टाकून अकाउंट काढून देतात, हे कृपा करून करू नका, कारण खरं वय असेल तरच टीन अकाउंट मिळतं, म्हणजे अकाउंट आपोआप प्रायव्हेट, तासाभराने बंद करायची आठवण, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प. १६ च्या आतल्या मुलाला हे सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. फीडमध्ये नको ते फार यायला लागलं तर कंटेंट प्रेफरन्समध्ये जाऊन सगळं रीसेट करता येतं. यूट्यूबचा ऑटोप्ले, म्हणजे एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप लागणं, बंद करा. फोनच्या वेळेला मर्यादा घालायला अँड्रॉइडवर फॅमिली लिंक आहे, आयफोनवर स्क्रीन टाइम. पण जे लावाल ते मुलाला सांगून लावा, चोरून लावलेलं कळलं की विश्वास गेलाच.

घराचे नियम मोठ्यांना पण लागू हवेत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाइल, टीव्ही बंद. ते चाललं कारण अख्खं गाव त्यात आहे, फक्त पोरांवर ढकललेलं नाही. आपल्या घरी भोंगा नको, पण झोपताना सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला लागू देत, बाबांचा पण, आणि अलार्मसाठी साधं घड्याळ आणा. शाळेचा अभ्यास व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो ही खरी अडचण आहे, तो ग्रुप पालकांच्या फोनवर ठेवा आणि अभ्यास वहीत उतरवून द्या.

आपण फॅमिली ग्रुपवर काय ढकलतो तेही मुलं बघत असतात. फोटो जुना आहे का हे मुलासमोर गूगल लेन्सवर (यात फोटो टाकून शोध घेता येतो) बघा, हे नक्की कोण म्हणालं तेही शोधा आणि मगच फॉरवर्ड करा. त्याचा फोटो स्टेटसला टाकण्याआधी त्याला विचारा.

झोप उडाली, जेवण सुटलं, खेळायला जाणं बंद झालं, कुणी आलं की स्क्रीन पटकन पालथी, असं आठवडेच्या आठवडे चाललं तर समुपदेशकाकडे जा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तर यासाठी वेगळं क्लिनिकच आहे. आणि मुलाला आजच सांगून ठेवा की कुणी फोटोवरून धमकावलं, पैसे मागितले तर आधी आमच्याकडे ये, आम्ही फोन काढून घेणार नाही. तसं झालंच तर चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा, पैसे पाठवू नका आणि सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन १९३० किंवा चाइल्डलाइन १०९८ ला फोन लावा.