मेव्हणा तुरुंगातून घरी येतोय: अमेरिकेतल्या घरातल्या पिस्तुलाचं काय?

अमेरिकेत तुमच्या नावावर रीतसर घेतलेलं पिस्तूल आहे आणि शिक्षा भोगून सुटलेला मेव्हणा तुमच्याकडे राहायला येतोय. त्याच्यासाठी खोली आवरायला घेण्याआधी पिस्तुलाचं बघा.

सगळ्यात आधी त्याच्या निकालाचा कागद मिळवा. ‘दोनच महिने आत होता’ याला अर्थ नाही. त्याला बंदूक बाळगायला बंदी आहे का हे ठरवताना 1968 च्या केंद्रीय कायद्यात मुख्यतः हेच बघतात, की त्या गुन्ह्याला एक वर्षापेक्षा जास्त कैद होऊ शकत होती का. नुसत्या प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगात न जाता देखरेखीवर, सुटलेल्यालाही ही बंदी लागते. बायकोला मारहाण केल्याचा किरकोळ गुन्हा असला, तरी 1996 पासून तीच गत आहे.

मेव्हणा घरात आहे म्हणून केंद्रीय कायदा तुमचं पिस्तूल काढून घेत नाही. त्याने मात्र ते ‘बाळगता’ कामा नये, आणि बाळगणं म्हणजे हातात धरणंच नव्हे. ते कुठे आहे हे त्याला ठाऊक आहे, हवं तेव्हा ते ताब्यात घेता येतंय आणि तसा त्याचा इरादाही आहे, एवढं सिद्ध झालं तरी पुरतं. शिक्षा 15 वर्षांपर्यंत. 2022 आधी ती 10 होती. त्याच्यावर बंदी आहे हे माहीत असून तुम्ही पिस्तूल त्याच्या हाती दिलंत, तर तुम्हालाही तेवढीच.

म्हणून खरी तयारी चावीची. आपल्या घरांत चावी देव्हाऱ्यामागे किंवा फ्रिजवरच्या डब्यात असते आणि ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आकड्यांचं कुलूप असेल तर आकडे मुलीच्या वाढदिवसाचे! तो येण्याआधी आकडे बदला, चावी स्वतःच्या अंगावर ठेवा. कॅलिफोर्नियात अशी बंदी असलेलं माणूस घरात असेल तर 2014 पासून पिस्तूल कुलपात किंवा स्वतःजवळच ठेवणं बंधनकारक आहे. न्यू यॉर्कातही असा नियम आहे. इतरत्र राहत असाल तर तुमच्या राज्याचा कायदा वाचा.

मग काडतुसं. लोक पिस्तूल तिजोरीत ठेवतात आणि गोळ्यांचं खोकं गॅरेजमध्ये विसरतात. बंदी काडतुसांनाही आहे, एका गोळीवरूनही खटला होऊ शकतो. गाडीचा कप्पा, शिकारीच्या जॅकेटचे खिसे, पलंगाखालची बॅग, सगळं उलटंपालटं करून बघा.

तो पॅरोलवर, म्हणजे शिक्षेचा उरलेला काळ बाहेर देखरेखीखाली काढत असेल, तर त्याच्या पॅरोल अधिकाऱ्याला आधीच लेखी विचारा. घरात कुणाचंही शस्त्र नको, अशी अट असू शकते. मग तिजोरी कितीही भक्कम असली तरी उपयोग नाही. शिवाय झडती होणार हे धरून चाला. पॅरोलवरच्या माणसाची वॉरंटशिवाय, संशयाचं कारण नसतानाही झडती घेण्याची कॅलिफोर्नियाची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये मान्य केली आहे.

माझं मत विचाराल तर तो असेतो पिस्तूल घराबाहेर ठेवावं. पण भावाकडे नेऊन टाकू नका. काही राज्यांत नुसतं ठेवायला देणं हेही हस्तांतर धरतात आणि ते परवानाधारक दुकानातूनच करावं लागतं. मेव्हण्याच्या स्वतःच्या जुन्या बंदुका ‘तात्पुरत्या’ सांभाळायला तर मुळीच घेऊ नका. त्या विकायला किंवा दुसऱ्याला द्यायला सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या निकालाने वाट दिली आहे, पण पुढे त्यांवर त्याचा ताबा राहता कामा नये.

आपल्या लोकांसाठी एक आडवळण: एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यालाही, शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगता येत नाही. ग्रीन कार्डवाल्याला येते. नवरा व्हिसावर आणि पिस्तूल बायकोचं, तर ताबा, चावी आणि काडतुसांबद्दलचं वरचं सगळं मेव्हण्याविनाही तुमच्या घराला लागू.

वकील करायचा तर तुमचा वेगळा करा. उद्या पिस्तूल सापडलं तर तुमचं आणि मेव्हण्याचं म्हणणं एकच असेल असं नाही. पिस्तूल परवानाधारक दुकानात ठेवलंत तर पावती घ्या, आणि तिची प्रत तो यायच्या आदल्या दिवशीच पॅरोल अधिकाऱ्याला पाठवून द्या.