पाळणाघरात नाताळची भिंत सजवताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की वसईत घरोघरी चांदण्या चढतात, गल्लीतली मोठी पोरं गोठ्यासाठी पेंढा जमवू लागतात आणि आमच्या पाळणाघरातल्या दीड ते साडेचार वर्षांच्या मुलांनाही नाताळचे वेध लागतात. पहिली दोन-तीन वर्षं भिंत मीच सजवायचे आणि मुलं बघायची. भिंत सुरेख दिसायची, पण संध्याकाळी न्यायला आलेल्या आईचा हात धरून एकही मूल तिला त्या भिंतीपाशी घेऊन गेलं नाही. ते मला फार लागलं. तेव्हापासून काय चुकतं ते मी नीट पाहत आले आहे. ज्या ताया यंदा पहिल्यांदा हे करणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते.

मूल घरी गेल्यावर त्याचं काम "नीट" करणं

ही सगळ्यात मोठी चूक. दोन वर्षांच्या मुलाने सांताची दाढी कपाळावर चिकटवली, तर ती तिथेच राहू द्या. दुपारी ते झोपलं असताना आपण ती काढून हनुवटीखाली लावली, तर उठल्यावर त्याला ते कळतं. आमच्याकडची एक मुलगी आपला कागद शोधत भिंतीसमोर उभी होती. तिचाच कागद समोर होता, पण तिला तो ओळखू येईना, कारण मावशींनी त्याचे काठ कापून सरळ केले होते. पालकांना काय वाटेल ही भीती मी समजू शकते. त्यावर माझा उपाय म्हणजे मूल काम करताना काय बोललं, ते कागदाखाली एका ओळीत लिहायचं. "ही चांदणी आजीकडे चाललीय" असं वाचल्यावर कोणतीही आई काठ सरळ आहेत का ते बघत नाही.

वय न बघता सगळ्यांना एकच काम देणं

दीड-दोन वर्षांच्या मुलाला कागद फाडायला आणि चिकटवायला आवडतं, आणि तेवढंच पुरे असतं. पुस्तकांना कव्हर घालायचं पारदर्शक चिकट प्लास्टिक मिळतं ना, त्याची चिकट बाजू आपल्याकडे ठेवून ते झाडाच्या आकारात भिंतीवर लावा. मुलांना घोटीव कागदाचे फाडलेले तुकडे द्या. डिंक नाही, ब्रश नाही, सांडलवंड नाही. तीन वर्षांचं मूल बोथट कात्रीने कागदाच्या पट्टीला एकेक चीर देऊ शकतं. आखलेल्या रेषेवरून कापणं बहुतेकांना चौथ्या वर्षाच्या आसपास जमू लागतं. त्याआधी चांदणी कापायला दिली तर रडारड ठरलेली.

एका वेळी तीन मुलं आणि दहा-बारा मिनिटं, एवढाच हिशोब धरा. पंधरा मुलांना एकत्र बसवलं की ताईचा सगळा वेळ हात पुसण्यात जातो.

हाताच्या ठशांचं झाड बिघडतं, ते का

पंधरा मुलं असतील तर हिशोब सुंदर जमतो: खालच्या ओळीत 5 पंजे, मग 4, 3, 2 आणि शेंड्याला 1. बोटं खाली झुकलेली हवीत, म्हणजे फांद्यांसारखी दिसतात. इथे चूक होते ती चिकटवण्याच्या क्रमात. आपण हौसेने शेंड्यापासून सुरुवात करतो आणि मग खालची प्रत्येक ओळ वरच्या बोटांवर चढते. तळापासून वर जा. वरच्या ओळीची बोटं खालच्या ओळीवर यायला हवीत.

कागद पातळ असेल तर ओल्या रंगाने सुरकुततो. ड्रॉइंग पेपर किंवा कार्डशीट घ्या. नाव आणि तारीख रंग लावायच्या आधी मागच्या बाजूला लिहा. ओले पंजे वाळत घातल्यावर कोणता कुणाचा हे आठवत नाही, आणि एका आईच्या हाती दुसऱ्याच बाळाचा पंजा गेला तर तिला किती वाईट वाटेल!

एक वर्षाच्या आतलं बाळ मूठ घट्ट मिटून घेतं. बोटं ओढून उघडू नका. मुठीच्या पाठीवरून हलकेच आपलं बोट फिरवलं की ती बहुतेक वेळा आपोआप उलगडते. रंग तळहातावर ओतू नका, ओल्या स्पंजने टिपा. आणि ज्या मुलाला हाताला रंग लागलेला सहनच होत नाही (अशी एक-दोन असतातच), त्याच्या पंजाभोवती पेन्सिल फिरवून आकार काढा. जबरदस्तीने घेतलेल्या ठशात मला तरी आनंद दिसत नाही.

भेंडीच्या चांदण्या

भेंडी आडवी कापली की बहुधा पाच टोकांची चांदणी मिळते. नाताळसाठी याहून सोपा ठसा मला माहीत नाही. तरी पहिल्यांदा नुसते पिवळे डाग उमटतात. कारण भेंडीची तार. कापल्या कापल्या ठसा घेतला तर रंग घसरतो. सकाळी कापून भेंड्या वर्तमानपत्रावर उभ्या ठेवा, कापलेली बाजू खाली. तासाभरात चिकटपणा बराच शोषला जातो. कोवळी भेंडी दाबली की चेपते, म्हणून जरा जून घ्या, आणि देठ ठेवा, मुलांना धरायला तोच बरा. ताटलीत रंगाचं तळं करू नका. ओल्या फडक्याची चौपदरी घडी करून तिच्यावर चमचाभर पोस्टर कलर पसरा.

रंग घरचा हवा म्हणून हळद वापरणार असाल तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. उन्हात तिचा पिवळेपणा लवकर उडतो, आणि हळदीचा डाग साबणाने धुतला की लाल होतो. मुलाच्या कपड्यावरचा लाल डाग बघून एक बाबा घाबरून धावत आले होते.

जिथे चूक परवडत नाही

टिकल्या, मणी, घुंगरं, लहान बटणं तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती नकोतच. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जे आरपार जातं ते घशात अडकू शकतं, असं समजून चाला. चमकी डोळ्यात गेली तर मूल डोळा चोळतं आणि बुबुळाला ओरखडा उठू शकतो. म्हणून चमकी आम्ही बंदच केली आहे. चकाकी हवी असेल तर चॉकलेटची चांदी चुरगाळून लावा. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना भिंतीवर नकोत. फुगेही नकोत, फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वास कोंडतो.

दिव्यांच्या छोट्या माळांमध्ये आणि गाणाऱ्या सांतामध्ये चपटा बटण-सेल असतो. तो गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकते. नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा, वाट पाहू नका. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ती वस्तू पाळणाघरात आणूच नका.

मैदा, मीठ आणि पाण्याच्या पिठाच्या चांदण्यांचे फोटो सगळीकडे दिसतात. त्यात मैद्याच्या निम्मं मीठ असतं. लहान मुलाने तो गोळा खाल्ला तर एवढं मीठ त्याला घातक ठरू शकतं, म्हणून तोंडात सगळं घालणाऱ्या वयाला ते देऊ नका. शिवाय आमच्यासारख्या खाडीकाठच्या दमट हवेत या चांदण्या आठवड्यात मऊ पडतात आणि दोऱ्यातून निसटतात. पुठ्ठा बरा.

थर्माकोलचं तर नावच नको. 2018 पासून महाराष्ट्रात सजावटीसाठी त्यावर बंदी आहे, आणि त्याचे दाणे मुलं नाकात घालतात.

सकाळी सगळं खाली पडलेलं असतं

डिस्टेंपरच्या भिंतीवर भुकटी असते. तिथे टेप धरत नाही, आणि जाड दुहेरी टेप धरली तर काढताना रंगाचे पोपडे घेऊन येते. भिंतीशी झगडू नका. जुनी चादर किंवा मोठा पुठ्ठा जमिनीवर पसरा, मुलांना त्यावर बसून चिकटवू द्या आणि सगळं वाळल्यावर तो आहे त्या खिळ्यांना टांगा. कापूस गळत असेल तर फेविकॉल कापसाला नाही, कागदाला लावा आणि कापूस विरळ करून दाबा. क्रेप कागद ओल्या डिंकाने रंग सोडतो, त्याला कोरडी ग्लू-स्टिक वापरा.

उंचीचंही बघा. आपल्या डोळ्यांसमोर लावलेलं मुलाला दिसतच नाही. जमिनीपासून दीड ते तीन फूट ही त्यांची जागा. तिथे सपाट कामं लावा, लोंबणारं सगळं वर. खाली लोंबलेलं ओढलं जाणारच, त्यात मुलांचा दोष नाही.

फक्त सांता आणि बर्फ

आमच्याकडे ख्रिस्ती घरांतली मुलं निम्मी आहेत. एका वर्षी अख्खी भिंत बर्फ आणि स्लेजने भरली होती. तेव्हा एका आजींनी हळूच विचारलं, "बाळ येशू कुठाय गं?" मला उत्तर देता आलं नाही. आता नोव्हेंबरअखेरच मी या घरांना विचारते, तुमच्याकडे काय करतात, भिंतीवर काय असलेलं आवडेल? त्यातून गोठा आला, पेंढ्याच्या काड्या आल्या, दिवाळीच्या कंदिलासारखी बांबूच्या कामट्यांची चांदणी आली. गोव्यात गोठ्याच्या गवतासाठी नाचणी रुजवतात. ते ऐकून आम्हीही भिंतीखाली परातीत माती घालून नाचणी पेरली. आमच्या हिंदू मुलांना घटस्थापनेचं धान्य आठवलं आणि ती रोज पाणी घालायला भांडू लागली. दहा दिवस आधी पेरलं तर 25 तारखेला हिरवंगार असतं. पेरणी मोठ्यांनीच करावी, दाणे नाकात जातात.

आणि 26 तारखेला सकाळी सगळं उतरवू नका. नाताळ गावी करून आलेल्या मुलांना आपली भिंत परत बघायची असते. आम्ही ती तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे 6 जानेवारीपर्यंत ठेवतो. मग एकेक मूल आपला पंजा आपल्या हाताने काढतं आणि दप्तरात घालून घरी नेतं.