अनोळखी यंत्रावर एफ३ दाबण्याआधी

टॅलीत हात बसलेला माणूस एफ५ न बघता दाबतो आणि पेमेंट व्हाउचर उघडतं. तोच हात ब्राउझरमधल्या अर्धवट भरलेल्या फॉर्मवर गेला, की पान नव्याने लोड होतं आणि भरलेलं बहुधा सगळं जातं. माझं दोनदा गेलंय. तेव्हा नव्या यंत्रासमोर बसलात की आधी एवढं करा.

१. कीबोर्ड बघा. १९८१च्या आयबीएम पीसीला फंक्शन की (एफ१, एफ२ वगैरे) दहाच होत्या, त्याही डाव्या हाताला दोन उभ्या रांगांत. वरच्या आडव्या बारा नंतर १०१ कळांच्या कीबोर्डाबरोबर आल्या. मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या केंद्रीय संगणकाच्या, ३२७० टर्मिनलला (त्याला जोडलेला पडदा-कीबोर्ड) चोवीसपर्यंत पीएफ की, म्हणजे तिथल्या फंक्शन की, असत. आज पीएफ१३ हवी असेल तर त्या टर्मिनलची पीसीवर नक्कल करणाऱ्या बहुतेक एम्युलेटरमध्ये शिफ्ट धरून एफ१ दाबायची.

२. पडद्याची तळची ओळ वाचा. जुने प्रोग्राम तिथेच सांगून टाकतात. फाइली हाताळायच्या नॉर्टन कमांडरमध्ये ५ (म्हणजे एफ५) कॉपी, ८ म्हणजे डिलीट. मेनफ्रेमवर बहुधा ७ मागचं पान, ८ पुढचं. एकीकडे पान उलटणारी कळ दुसरीकडे फाइल उडवते!

३. ओळ नसेल तर काम सेव्ह करून एफ१ दाबा. मदत यायला हवी. नाही आली तर एस्केप. मजकूर लिहायच्या वर्डपरफेक्ट ५.१मध्ये मात्र एफ१ म्हणजे रद्द, आणि मदत एफ३वर.

४. एफ३ सगळ्यात शेवटी. मेनफ्रेमवर ती बाहेर काढते, विंडोजआधीच्या डॉसमध्ये मागची कमांड पुन्हा टाइप करून देते, विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये शोध उघडते. हा गोंधळ मिटावा म्हणून आयबीएमने १९८७मध्ये सीयूए नावाची नियमावली काढली. तिच्यातली एफ१ची मदत सगळीकडे रुजली, एफ३चं 'बाहेर' पीसीवर काही टिकलं नाही. खिडकी बंद करायला ऑल्ट+एफ४ उरली.

५. लॅपटॉपवर एफ२ दाबल्यावर आवाज किंवा उजेड बदलत असेल तर एफएन धरून दाबा. एस्केपवर छोटं कुलूप छापलेलं असेल तर एफएन+एस्केपने ही सवय कायमची बदलते. कुलूप नसेल तर बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडायच्या सेटिंगमध्ये) तसा पर्याय बघा. तिथे शिरायची कळही कंपनीगणिक वेगळी, कुठे एफ२, कुठे डिलीट, एचपीवर बहुधा एफ१०.