घरातला आवाज सुधारायचा आहे? पैसे कुठे घालायचे ते आधी ठरवा

हातात चाळीस-पन्नास हजार रुपये आहेत, घरी गाणं जरा बरं ऐकू यावं अशी इच्छा आहे, आणि दुकानदार डॅक (डिजिटल गाण्याचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारं उपकरण), जाड वायर, मोठा अँप्लिफायर असं एकेक पुढे सरकवतोय. यातलं काय घेतलं तर फरक कानाला कळेल? माझं उत्तर आहे खोली आणि स्पीकर. बाकीच्या गोष्टी त्यांच्या मागून, आणि बऱ्याच मागून.

संकेत जोवर तारेतून वाहतोय तोवर आजची साधी उपकरणंही त्याला फारसा धक्का लावत नाहीत. बऱ्यापैकी अँप्लिफायरची विकृती, म्हणजे मूळ आवाजाची मोडतोड, ०.०१ टक्क्याच्या आसपास असते. तीच स्पीकरची, खालचे सूर मोठ्याने वाजवताना, एक टक्क्याच्या पुढे सहज जाते. आणि खोली? ती एखादा खालचा सूर दहा-पंधरा डेसिबलने फुगवते, नाहीतर गिळून टाकते. खर्चाचा क्रम यावरूनच ठरवायचा.

१. तक्रार नेमकी काय, ते लिहून काढा

‘आवाजात मजा नाही’ एवढ्यावरून काहीही विकत घेऊ नका. ओळखीची चार-पाच गाणी आणि एखादं मराठी निवेदन लावा. माणसाचा बोलण्याचा आवाज आपण जन्मापासून ऐकत असल्यामुळे त्यातली खोट कान लगेच पकडतो.

डग्गा किंवा बास गिटारचा एखादाच सूर घुमत असेल, तर दोष बहुतेक खोलीचा किंवा तुमच्या बसण्याच्या जागेचा. निवेदकाचा ‘स’ टोचत असेल तर उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशीवर संशय घ्या, मग स्पीकरवर. आवाज वाढवल्यावरच चिरकत असेल तर अँप्लिफायर कमी पडतोय किंवा स्पीकर लहान आहे. गाणं बंद असतानाही ‘घूं’ ऐकू येत असेल तर तो अर्थिंगचा प्रश्न, त्याकडे शेवटी येऊ. एकाच गाण्यात खोट जाणवत असेल तर ध्वनिमुद्रणच तसं आहे. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकडीवरून उतरवलेलं गाणं दोन लाखांच्या संचावरही तसंच वाजणार.

२. एक पैसा न खर्चता हलवाहलव करा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज ये-जा करतो आणि काही ठरावीक सुरांवर खोली स्वतःच वाजू लागते. हे सूर काढायचं गणित सोपं आहे. खोलीची लांबी मीटरमध्ये घ्या, तिची दुप्पट करा आणि त्याने ३४३ ला भागा. ३४३ हा आवाजाचा दर सेकंदाचा वेग, मीटरमध्ये. आपल्याकडच्या फ्लॅटमधला १६ बाय १० फुटांचा हॉल घेऊ. १६ फूट म्हणजे जवळपास ४.९ मीटर. उत्तर येतं ३५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३५ कंपनं. खोली त्याच्या दुपटीलाही वाजते, म्हणजे ७० ला.

हा ७० चा आकडा गाणं ऐकणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे या हॉलचा हा सूर आणि तो खर्ज जवळपास एकच. हा सूर हॉलच्या दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी आणि बरोबर मध्यावर फुगतो. भिंतीपासून चार फुटांवर तो जवळजवळ नाहीसा होतो. मोबाईलवर टोन वाजवणारं कुठलंही फुकट ॲप घ्या, ७० हर्ट्झ लावा, तो स्पीकरमधून सोडा आणि हॉलमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. आवाज वाढतो आणि विरतो, ते स्पष्ट कळेल. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला स्पीकर बिघडला असंच वाटतं!

सोफा भिंतीला टेकलेला असेल तर तुम्ही कायम फुगवट्यातच बसता. तो दीड-दोन फूट पुढे ओढून पाहा. सगळ्यांच्या घरात ते जमत नाही, हे मान्य. मग निदान गाणं ऐकताना खुर्ची पुढे घ्या.

आता स्पीकर. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा. ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे सूर काढणारा छोटा भाग, कानाच्या उंचीवर हवा, कारण वरच्या पट्टीचे सूर सरळ रेषेत जातात आणि गुडघ्याच्या उंचीवरचा ट्विटर तुमच्या गुडघ्यांनाच गाणं ऐकवतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवला की दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे सूर फुगवतात. मागच्या भिंतीपासून फूटभर तरी पुढे आणा. शोकेसच्या खणात कोंबलेला स्पीकर तर आधी बाहेर काढा. त्यातला पुरुषी आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो आणि आपण खापर अँप्लिफायरवर फोडतो.

३. टाळी वाजवा

बसायच्या जागी उभं राहून एक कडक टाळी वाजवा. मागून ‘टर्र’ असा कंप ऐकू आला तर उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. स्पीकर आणि सोफ्याच्या मध्ये जाड गालिचा, खिडकीला दुहेरी पडदे, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट, एवढ्याने ‘स’चा टोचरेपणा बराच उतरतो. बाजूच्या भिंतीवर नेमकं कुठे काय लावायचं हे कळायला घरातल्या कुणाला तरी आरसा धरून भिंतीलगत सरकायला सांगा. तुम्हाला जिथे स्पीकर आरशात दिसेल तिथून पहिला परावर्तित आवाज येतो.

पण पडद्यांकडून बासची अपेक्षा ठेवू नका. १०० हर्ट्झची लहर साडेतीन मीटर लांब असते, तिला शोषायला हातभर जाडीचं काही लागतं. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा उद्योग तर करूच नका. घर विद्रूप होतं, धूळ साचते, आणि आवाजावर परिणाम नगण्य.

४. मग स्पीकर

हलवाहलव करूनही समाधान झालं नाही तर पैशातला मोठा वाटा इथे जाऊ द्या. पन्नास हजारांतले तीस मी स्पीकरवर खर्च करीन.

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल यांनी वर्षानुवर्षं लोकांना स्पीकर न दाखवता ऐकवून मतं घेतली. नाव आणि किंमत डोळ्याआड झाली की निरनिराळ्या लोकांची पसंती बऱ्याच अंशी जुळते, हे त्यातून दिसलं. लोकांना आवडतात ते समोर सगळे सूर सारख्या जोराने देणारे आणि बाजूलाही तोच पोत टिकवणारे स्पीकर. बाजूच्या आवाजाचं महत्त्व उघड आहे: तुमच्या कानावर येणारं निम्मंअधिक भिंतींवरून आलेलं असतं.

म्हणून दुकानात, मग ते लॅमिंग्टन रोडवर असो की पुण्यात तापकीर गल्लीत, समोर बसून ऐकलंत की उठा, बाजूला सरका आणि पुन्हा ऐका. आवाज थोडा मऊ झाला तर हरकत नाही, पण एकदम बदलला तर तो स्पीकर सोडा. आपली गाणी आणि आपलं निवेदन बरोबर न्या. दुकानातल्या चकचकीत डेमो ट्रॅकवर कुठलाही स्पीकर शोभून दिसतो. चाचणीचे आलेख आता अनेक मॉडेलांचे नेटवर मिळतात, तेही पाहा. शक्य असेल तर घरी आणून ऐकवण्याचा आग्रह धरा, कारण दुकानाची खोली तुमच्याबरोबर घरी येणार नाही.

लहान हॉलला जमिनीवर उभे राहणारे मोठे टॉवर स्पीकर घेण्यापेक्षा चांगले बुकशेल्फ, म्हणजे छोटे स्पीकर, आणि पुढे कधीतरी फक्त खालचे सूर वाजवणारा सबवूफर हा मार्ग मला बरा वाटतो. सबवूफर लागेल तिथे सरकवता येतो. त्याची जागा शोधायची युक्ती अशी: तो थोडा वेळ तुमच्या बसण्याच्या जागीच ठेवा, बासचं गाणं लावा आणि जमिनीलगत रांगत फिरा. जिथे बास सारखा आणि स्वच्छ वाटेल तिथे सबवूफर ठेवा. घरचे हसतील, पण युक्ती चालते.

भाड्याचं घर, पातळ भिंती, झोपलेलं बाळ, यांपैकी काही असेल तर सगळा पैसा एका चांगल्या हेडफोनवर लावा. खोली हा प्रश्नच संपतो.

५. सुधारणा मोजून करायची असेल तर

रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मोजमापाचा यूएसबी मायक्रोफोन विकत घ्या किंवा कुणाकडून उसना आणा. आलेखावर खोलीचे फुगवटे दिसतात आणि इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक सुरांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, ते कापता येतात. खड्डे मात्र भरू नका. तिथे भिंतीवरून परतलेली लहर मूळ लहरीला मारत असते. तुम्ही जोर वाढवला की दोन्ही वाढतात, आणि फुकट अँप्लिफायर दमतो. खड्ड्यावर उपाय एकच, जागा बदलणे.

६. अँप्लिफायर पुरेसा असला की झालं

‘५०००० वॉट पीएमपीओ’ची स्टिकरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वॉटचा खेळ सांगायला नको. पीएमपीओ हा क्षणभराचा फुगवलेला आकडा, आरएमएस हा सलग मिळणाऱ्या खऱ्या ताकदीचा. फक्त आरएमएस आकडा वाचा. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. ५० च्या जागी १०० वॉटचा घेतलात तर जेमतेम जाणवेल इतका फरक. याउलट ८४ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९० डेसिबल संवेदनशीलतेचा (म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये जास्त मोठा वाजणारा) घेतला तर तोच आवाज एक चतुर्थांश ताकदीत मिळतो. घरात मध्यम आवाजाला एक वॉटही पुरतो. तबल्याची थाप किंवा ढोलाचा ठोका यांच्यासाठी मात्र क्षणभर त्याच्या कैकपट लागतात. ४०-६० खरे वॉट बहुतेक हॉलना पुरेत. स्पीकर ४ ओहमचा असेल तर अँप्लिफायर तो पेलतो का, हे मागे छापलेलं वाचा.

७. डॅक, वायर आणि उरलेलं

ॲपच्या सेटिंगमध्ये स्ट्रीमिंगचा दर्जा सगळ्यात वरचा करा आणि टीव्हीतले ‘थ्रीडी’ वगैरे परिणाम बंद करा, दोन्ही फुकट. सीडीचं १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ हे माप माणसाच्या कानाला पुरून उरतं. साधा, नीट बनवलेला डॅक त्याला न्याय देतो, महागड्याने पुढे काही ऐकू येईल अशी आशा ठेवू नका.

अपवाद रेकॉर्ड प्लेयरचा. तिथे सुईच आवाज काढते. सुटकेससारख्या स्वस्त प्लेयरची सिरॅमिक पिकअप पाच-सहा ग्रॅम भार टाकते, चांगली मॅग्नेटिक दोन ग्रॅमच्या आसपास. इथे खर्च केलेला पैसा ऐकू येतो, शिवाय रेकॉर्डही जास्त टिकतात.

स्पीकरला इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या. पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन तिचा रोध ०.१२ ओहम, ८ ओहमपुढे नगण्य. तार खरवडून पाहा, आत पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे.

‘घूं’ बहुतेकदा कॉम्प्युटर एका सॉकेटवर आणि अँप्लिफायर दुसऱ्यावर असल्याने येतो. दोन्ही एकाच बोर्डावर लावा, किंवा मध्ये ऑप्टिकल केबल घाला. तिच्यातून वीज जात नसल्यामुळे दोन्ही उपकरणांच्या अर्थिंगची साखळी तुटते. अर्थिंगची पिन मात्र कापू नका, शॉक बसेल.

८. पैसे देण्याआधी डोळे मिटून परीक्षा

नवं उपकरण चांगलं वाटण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे ते किंचित मोठ्याने वाजत असतं. अर्ध्या डेसिबलचा फरक मोठा म्हणून कळत नाही, ‘स्वच्छ’ म्हणून कळतो. त्यामुळे १०० हर्ट्झचा टोन बेताच्या आवाजात लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा (प्रोब एकमेकांना लागू देऊ नका) आणि दोन्ही उपकरणांचे व्होल्ट टक्क्याच्या आत जुळवा. मग कुणाला तरी तुमच्या नकळत अदलाबदल करायला सांगा आणि दहा वेळा ओळखा. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता साधारण एक टक्का. तेवढी आली तर फरक खरा आहे, उपकरण ठेवा. पाच-सहा आली तर खोक्यात भरा आणि परतीची मुदत संपायच्या आत दुकानात पोचवा.