फिल्म कॅमेरा घेऊन नागपूरहून पचमढीला: रोल, ऊन आणि घाटाचा हिशेब

वाघाचाच फोटो हवा असेल तर फिल्म कॅमेरा घरी राहू द्या. ५० एमएमच्या लेन्समधून, हलत्या जिप्सीतून टिपलेला वाघ गवतातल्या पिवळ्या ठिपक्याएवढा येतो. फिल्म न्यावी ती सातपुड्याच्या दऱ्या, कडे आणि धुक्यासाठी, आणि त्यासाठी आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

१. महिना ठरवा. सातपुडा राष्ट्रीय उद्यानाचा गाभा पावसाळ्यात बंद असतो, १ ऑक्टोबरला उघडतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात डोंगर धुरकट दिसतात आणि रोलही तापतो.

२. रोल घ्या, आणि ते थंड ठेवा. दिवसाला ३६ फोटोंचे दोन रोल पुरतात. रंगीत कोडॅक गोल्ड २०० आणि कृष्णधवल इलफर्ड एचपी५ प्लस, एवढ्यावर भागते. कृष्णधवलसोबत पिवळा फिल्टर ठेवा, दूरच्या डोंगररांगा धुरकटपणातून थोड्या सुटून दिसतात. स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट खऱ्या रंगातले चित्र उमटते ती) पहिल्या फेरीला नको, एक स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) चुकला की फ्रेम गेली. नेगेटिव्ह, म्हणजे उलट्या छटांची नेहमीची फिल्म, बरेच सांभाळून घेते.

रोल डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीतल्या उष्णतेने रंग बिघडतात, फिल्मवर धूसरपणा चढतो. थर्मोकोलच्या डब्यात, सीटखाली ठेवा. फ्रीजमधून काढलेला रोल तासभर बंद डबीतच राहू द्या, नाहीतर फिल्मवर दव धरते.

३. उजाडायच्या आत निघा. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली, पचमढी. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. लवकर निघालात तर सौंसरच्या पुढचा सिल्लेवानी घाट तिरप्या उन्हात सापडतो. नाश्ता नंतर करा; पोहे कुठेही मिळतात, ते ऊन नाही.

तामियाला पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर येते. एरवी हे ऊन फोटोला वाईटच, पण तामियाजवळची पाताळकोटची दरी त्याला अपवाद. दरी इतकी खोल आणि कडे इतके उभे आहेत की सकाळ-संध्याकाळ तळ सावलीत बुडालेला असतो. वरून खालची गावे आणि शेते टिपायची तर दुपारच गाठा.

४. मीटरशिवाय उजेड मोजायला शिका. गाभ्यातल्या सफारीत मोबाईल वापरू देत नाहीत, म्हणजे मोबाईलमधला लाइट मीटर बाद. सोपा नियम असा: लख्ख उन्हात ॲपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा लहान तितके ते मोठे) एफ/१६, शटरचा वेग १ भागिले फिल्मचा आयएसओ (डबीवरचा २०० किंवा ४०० असा आकडा), सेकंदात. गोल्ड २०० ला १/२५० चालते. मोकळ्या सावलीत एफ/५.६, दाट झाडीत एफ/४ किंवा त्याहून उघडे. शंका आली की नेगेटिव्हला एक स्टॉप जास्त द्या. उजेड कमी पडला तर सावलीतला तपशील नंतर काही केल्या येत नाही.

धबधब्यासाठी तिपाई लागतेच. शटर बराच वेळ उघडे राहिले की फिल्म मंदावते: एचपी५ ला मीटर १० सेकंद सांगत असेल तर सुमारे २० सेकंद द्या.

५. पचमढीत आपली गाडी बाजूला लावा. धूपगड, बी फॉल अशा ठिकाणी परवाना काढून स्थानिक जिप्सीने जावे लागते. धूपगड १,३५२ मीटर, सातपुड्यातले सर्वांत उंच टोक. सूर्य बुडाला की गर्दी लगेच पांगते, तुम्ही मात्र जिप्सीवाल्याला आधीच सांगून थोडे थांबा. एकामागे एक डोंगररांगा फिकट होत जाताना तेव्हाच दिसतात. मीटर आकाशावर धरा. मढईची (सातपुडा उद्यानाच्या एका प्रवेशद्वाराची) सफारी करायची असेल तर बुधवारची दुपार टाळा, ती बंद असते. तिथे देनवा नदी बोटीने ओलांडावी लागते. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी ठेवा.

रोल धुळीत बदलू नका. प्रत्येक डबीवर ठिकाण आणि तारीख लिहा.

६. रोल धुणे. रंगीत रोल लॅबला द्या, त्या रसायनाला जवळपास नेमके ३८ अंश लागतात. कृष्णधवल घरी जमते, पण २० अंशांवर. नागपुरात उन्हाळ्यात नळाचे पाणी त्याहून बरेच गरम येते. अशा वेळी डेव्हलपरची (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाची) बाटली बर्फाच्या टबात उभी करा, बर्फ बाटलीत टाकू नका. नंतरचे धुण्याचे पाणीही त्याच तापमानाजवळ ठेवा.